मोकळी टाच आणि न संपणारे शिक्षण

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेने ६० वर्षांत काय मिळवले, याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम घेतला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवते. लहानपणी लागलेली एखादी गोडी सत्तरी ओलांडल्यावरही माणसाच्या सोबतीला का राहते आणि दुसरी एखादी दहावीच्या उंबरठ्यावरच का सुटते? या प्रश्नासाठी मी आपल्याला बर्फाच्या प्रदेशात नेणार आहे, कारण तेथील टेलिमार्क स्कीइंग या खेळात मला त्याचे उत्तर फार स्वच्छ दिसते.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये पायांना लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून उंचावरून झेपावणारे खेळाडू आपण दूरदर्शनवर पाहिले असतील. जमिनीला टेकताना ते एक पाय पुढे, एक मागे ठेवून गुडघे वाकवतात. या टेकण्याला टेलिमार्क म्हणतात आणि ते नीट साधले नाही, तर परीक्षक गुण कापतात. टेलिमार्क हा दक्षिण नॉर्वेतील एक प्रांत. त्यातील मोर्गेदाल या खेड्यात १८२५ साली सोंद्रे नोरहाइम यांचा जन्म झाला. ते दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे गरीब कूळ होते. बर्फावर खेळण्याचे वेड मात्र त्यांना विलक्षण होते.

त्या काळी स्की केवळ चवड्याशी अडकवलेली असे. उडी मारली की ती पायातून निसटे. नोरहाइम यांनी लवचिक डहाळ्या आणि मुळ्या पिळून टाचेमागून जाणारा बंध तयार केला. पाय स्कीला धरून राहिला आणि टाच मात्र उचलण्यास मोकळी राहिली. मध्यभागी किंचित अरुंद अशी स्कीही त्यांनी घडवली, त्यामुळे वळणे घेणे सुकर झाले. १८६८ साली ते आजच्या ऑस्लोत, तेव्हाच्या क्रिस्तियानियात, स्पर्धेसाठी गेले. सुमारे २०० किलोमीटरचा तो प्रवास त्यांनी स्कीवरूनच केला, असे सांगतात. त्या वेळी त्यांचे वय ४२ होते. तरुणांना मागे टाकून त्यांनी स्पर्धा जिंकली. त्यांच्याच गावच्या हेमस्टवाइट बंधूंनी १८८१ साली त्या शहरात स्की शिकवण्याची शाळा काढली. जगातील पहिली स्कीशाळा म्हणून ती ओळखली जाते.

भाषेच्या शिक्षिकेला आनंद व्हावा अशी आणखी एक गोष्ट. ‘स्लालोम’ हा आज जगभर रूढ असलेला शब्द नॉर्वेजियन आहे. ‘स्ला’ म्हणजे उतार, ‘लोम’ म्हणजे वाट. डोंगरातल्या माणसांच्या बोलीतला हा शब्द ऑलिंपिकच्या मैदानापर्यंत गेला. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो आठवणीत ठेवावा.

पुढे काळ पालटला. डोंगरमाथ्यावर नेणारे यांत्रिक पाळणे आले. चढण्याची गरज संपली, तशी टाचही स्कीला घट्ट जखडण्यात आली. त्यामुळे वेग वाढला, वळणे सोपी झाली आणि टेलिमार्क मागे पडले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, क्रेस्टेड ब्यूट येथील काही तरुणांनी ते पुन्हा हाती घेतले. चामड्याचे मऊ बूट आणि अरुंद स्की घालून ते उतारांवर अक्षरशः धडपडले. ती पिढी आज सत्तरीत आहे आणि तिच्यातील अनेकांनी ही मोकळी टाच अजून सोडलेली नाही.

का सोडली नाही? सोपा मार्ग तर शेजारीच होता. याचे कारण त्या वळणातच आहे. टेलिमार्क वळणात एक पाय पुढे सरकतो, गुडघे वाकतात, मागच्या पायाची टाच उचलली जाते. एखाद्याने चालता चालता अर्धवट गुडघे टेकावेत, तशी ती मुद्रा असते. पुढच्या वळणाला पाय बदलतात. नवशिका सारा भार पुढच्या पायावर टाकतो आणि मागची स्की भरकटते. भार दोन्ही पायांवर वाटून घेणे, हे त्यातले मर्म. ते एका हिवाळ्यात जमत नाही. जमले असे वाटते तोवर बर्फाचा पोत बदलतो: कालचा भुसभुशीत, आजचा कडक, उद्याचा ओला. प्रत्येक वेळी शरीराला नव्याने ऐकावे लागते. ज्या उतारावर जखडलेल्या टाचेच्या माणसाला कंटाळा येईल, त्या सौम्य उतारावरही मोकळ्या टाचेच्या वृद्धाला दिवसभराचे काम मिळते.

वय आपला कर घेतेच. गुडघे कुरकुरतात, काही जण नाइलाजाने टाच बांधून घेतात. उरलेले युक्तीने खेळतात. वाकणे थोडे कमी करतात, उतार निवडून घेतात, उन्हाळ्यात जिने चढून मांड्या बळकट ठेवतात. १८७५ साली नॉर्वेत जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले हर्मन स्मिथ-योहानसन शंभरी उलटल्यावरही स्कीवर जात असत. तेही मोकळ्या टाचेच्याच परंपरेतले. क्वेबेकच्या डोंगरांत त्यांनी स्कीच्या वाटा आखल्या आणि १९८७ साली, १११ व्या वर्षी ते निवर्तले. ‘जॅकरॅबिट’ हे त्यांचे टोपणनाव होते. कॅनडात मुलांना स्की शिकवणारा उपक्रम आजही त्याच नावाने चालतो.

मित्रहो, या माणसांना कोणी गुणपत्रिका देत नाही. त्यांच्यापाशी टिकून आहे ते तीन गोष्टींमुळे: आरंभ कठीण होता, म्हणून कमावलेले मोलाचे वाटते, शिकणे संपत नाही, म्हणून शिळेपणा येत नाही, आणि कोणाला हरवायचे नाही, म्हणून वय आड येत नाही.

आता आपल्या शाळेकडे पाहू. आठवीपर्यंत संगीताच्या वर्गात, मल्लखांबाच्या आखाड्यात, चित्रकलेच्या दालनात मुले मावत नाहीत. नववीत ती गळू लागतात आणि दहावीत दालने ओस पडतात. त्या तासांऐवजी गणित आणि विज्ञानाचे जादा तास घ्यावेत, अशी विनंती यंदाही काही पालकांनी लेखी केली आहे. त्यांची काळजी मी समजू शकते. परीक्षेचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु कठीण आरंभाची पहिली दोन-चार वर्षे मुलाने नुकतीच ओलांडलेली असतात. गोडी लागण्याच्या नेमक्या त्या टप्प्यावर आपण त्याचा हात सोडवून घेतो. चाळिशीत त्याला पुन्हा तबल्यापाशी बसावेसे वाटते, तेव्हा आरंभ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो आणि तेवढा धीर सर्वांपाशी नसतो.

म्हणून विश्वस्तांच्या संमतीने मी येथे सांगते की, येत्या वर्षापासून नववी-दहावीच्या वेळापत्रकातील हे तास कमी केले जाणार नाहीत. जादा तास शाळा सुटल्यानंतर होतील. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती वेगळी आहे. दर रविवारी सकाळी संगीताचे दालन, आखाडा आणि ग्रंथालय आपल्यासाठी उघडे राहील. आपण या आणि मुलांच्या शेजारी बसून शिका. पन्नाशीचा माणूस चुकतो, हसतो आणि पुन्हा सूर लावतो, हे चौदा वर्षांच्या मुलाने पाहिले, तर त्याला जे कळेल ते माझ्या शंभर भाषणांतून कळणार नाही.

मुलांना शाळेतून बाहेर पडताना प्रमाणपत्र तर आपण देतोच. त्यासोबत आयुष्यभर अपुरे राहील असे एखादे शिक्षणही त्यांच्या हाती देऊ या.