कुलसचिवांचा परदेश-अभ्यास

बुलडाणा जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अशा विद्यापीठांतील प्राध्यापकांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या पूर्वीपासून होत्या. परंतु प्रवेश, परीक्षा आणि सामंजस्य करार, म्हणजे दोन संस्थांमधील सहकार्याचा लेखी आराखडा, सांभाळणाऱ्या प्रशासकांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले, ही उणीव लहान म्हणता येणार नाही. 1950 साली भारतात सुरू झालेल्या आणि 2008 नंतर फुलब्राइट-नेहरू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत शिक्षण-प्रशासकांसाठी अमेरिकेतील अल्प मुदतीचे चर्चासत्र असते, तर युरोपीय संघाच्या इरॅस्मस योजनेत करारबद्ध संस्थांतील अध्यापकांबरोबरच कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही परदेशी विद्यापीठात प्रत्यक्ष काम पाहता येते. अशा भेटीत श्रेयांक-हस्तांतरण, म्हणजे एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्याने मान्य करणे, कोणत्या नोंदींवर उभे असते, हे जसे उमगते तसे परिपत्रके वाचून उमगत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक विद्यापीठात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. शिवाय बेसॉल्ट खडकात उल्कापाताने बनलेल्या विवरामुळे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार जगभरच्या भूशास्त्रज्ञांना परिचित असल्याने, येथे संयुक्त संशोधनाला विषय शोधावा लागत नाही. करार लिहून तो तडीस नेणारा प्रशिक्षित अधिकारी मात्र हवा. विद्यापीठाने आपल्या कुलसचिवांना व महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांनी आपल्या कार्यालयीन अधीक्षकांना या योजनांसाठी अर्ज करण्यास आवर्जून सांगावे.