वेळ देऊया, पण हिशेबाने

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून भाषा फारशी बदललेली नाही.)



मला विषय दिलाय, खाडीकाठचं निसर्ग शिक्षण केंद्र आणि त्यात आपला सहभाग. मी तिथे रविवारी जाते हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे गावोगावच्या बैठकांत मला एकच प्रश्न येतो, "थंय जावन आमका काय गावतला?" प्रश्न अगदी रास्त आहे. घरचं, शेतातलं, गुरांचं, मासळीचं सगळं उरकून उरलेला वेळ कोणाला द्यायचा, हे बाईने विचारायलाच हवं. म्हणून आज मी नुसतं "या, या" म्हणणार नाही. तिथे काय चालतं, त्यात आपलं काय, आणि जायचं तर कोणत्या अटींवर, हे सांगणार आहे.

आधी केंद्र म्हणजे काय ते बघू. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे कांदळवनाची रोपवाटिका आणि खाडीच्या कडेने एक पायवाट. एवढंच. शाळेची मुलं येतात, त्यांना तिवर कुठली, कांदळ कुठली, चिप्पी कुठली हे दाखवतात. सकाळी पक्षी मोजतात. सप्टेंबरमध्ये किनारा आणि खाडी साफ करतात. २६ जुलैला जागतिक कांदळवन दिवस असतो, तेव्हा रोपं लावतात. पावसाळ्यात रानभाज्यांची ओळख करून देतात. या प्रत्येक कामाला माणसं लागतात आणि केंद्रात पगारी माणसं दोन-तीनच असतात. म्हणून ते आपल्याकडे येतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय शिकवणार? आम्हाला कुठे शास्त्र येतं?

बायांनो, मला सांगा, भरतीची वेळ तुम्ही मोबाईलवर बघता का? आपल्या सासवा तिथीवरून सांगायच्या. तिथीला पाऊणाने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमाराला खाडी भरणार. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब एका आजीने सातवीच्या मुलांना करून दाखवला. मुलांनी लगेच भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं. थोडं मागेपुढे, पण जुळलं. त्यानंतर मुलं आजींच्या मागेच लागली. चंद्र आणि समुद्राचा संबंध पुस्तकात एका ओळीत असतो, तो त्या दिवशी त्यांना पटला.

तसंच गणपतीच्या माटवीचं. कवंडाळ, हरण, शेरवड, तेरडे, कांगलां, हे सगळं रानातून कोण ओळखून आणतं? टाकळा कधी कोवळा असतो, फोडशी आणि तिच्यासारखं दिसणारं गवत यांत फरक कसा करायचा, शेवळं शिजवताना घशाला खाज येऊ नये म्हणून काकडं का घालायची, हे कोणाला विचारायचं? मुळे आणि तिसऱ्या कुठल्या चिखलात मिळतात आणि कोणत्या महिन्यात काढायच्या नाहीत? हे सगळं तुमच्याकडे आहे. ते लिहिलेलं नाही म्हणून त्याला शास्त्र म्हणत नाहीत, एवढंच.

आणि लिहिलेलं नाही, त्यातच धोकाही आहे. आपल्या मुली मुंबईला, पुण्याला गेल्या. ज्यांच्या तोंडी हे आहे त्या सत्तरीच्या पुढे गेल्या. अजून दहा वर्षांनी माटवीचं सामान बाजारातून आणावं लागेल आणि त्यातलं कुठलं काय हे सांगणारं कोणी नसेल.

दुसरी गोष्ट पोटाची. खाडीत कोळंबीची पिल्लं, माशांची पिल्लं कांदळवनाच्या मुळांत वाढतात. चिखलातले खेकडे तिथेच बिळं करतात. कालवं मुळांना आणि खडकांना धरून असतात. आपल्यातल्या कितीतरी जणी ओहोटीला खाडीत उतरून घरचं कालवण आणि बाजाराचे चार पैसे काढतात. शिवाय हीच झाडं खाजणाच्या बंधाऱ्याची माती धरून ठेवतात. बंधारा फुटला की खारं पाणी शेतात येतं आणि मग त्या जमिनीत भात कसं येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाची तोड बंद करायला सांगितलं. पण कोर्टाने बंदी घातली म्हणून रोप उगवत नाही. ते कोणीतरी लावावं लागतं.

ही रोपं कशी होतात बघा. कांदळीचं बी झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखं लांब हिरवं लोंबतं, ते पिकलं की खाली पडतं आणि चिखलात उभं रुततं. आपण काय करायचं, पिकलेली, किडीने न पोखरलेली बियाणी गोळा करायची, खाडीचाच चिखल भरलेल्या पिशवीत खोचायची आणि भरतीचं पाणी मिळेल अशा जागी ठेवायची. यात अवघड काही नाही. तरवा लावणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायला नको. मात्र एक ध्यानात ठेवा. कुठलंही झाड कुठेही लावून चालत नाही. तिवर, कांदळ, चिप्पी यांची जागा पाण्याच्या उंचीवर आणि खारेपणावर ठरते. जिथे उघडा चिखल आहे आणि पाणपक्षी चरतात, तिथे उगाच झाडं लावायची नाहीत. हे केंद्रातली माणसं सांगतात आणि ते आपण शिकून घ्यायचं. आपल्याला खाडी माहीत आहे, त्यांना झाडांचं शास्त्र माहीत आहे. दोन्ही एकत्र आलं तर रोप जगतं.

आता बाकीच्या ठिकाणी बायांनी काय केलं ते थोडक्यात सांगते.

आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गट आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बाया. २०१७ पासून त्या मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन सफर घडवतात. होडी स्वतः वल्हवतात आणि झाडांची माहिती स्वतः देतात. होडी वल्हवणं ठीक आहे, पण झाडांची नावं आणि उपयोग त्यांनी बसून शिकून घेतले आणि त्यातून गटाला उत्पन्न सुरू झालं.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. तेवढे दिवस रात्रंदिवस राखण. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, तो कासव महोत्सव झाला. आलेले पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. आधी राखण झाली, पैसा मागून आला.

तिसरं उदाहरण लांबचं, आसामचं. तिकडे हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. दिसायला ओबडधोबड, मेलेलं खाणारा, घाण करणारा, म्हणून लोक त्याला अपशकुनी मानायचे आणि घरटी असलेली झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक बाईंनी गावातल्या बायांना हाताशी धरलं. त्यांनी काय केलं माहीत आहे? पिल्लं होण्याच्या दिवसांत त्या पक्ष्यांचं डोहाळजेवण सुरू केलं! बाईला बाळंतपण कळतं, म्हणून पक्ष्याची घरट्यातली पिल्लंही कळली. बाया मागावर कापड विणतात, त्यावर हरगिला काढू लागल्या आणि ते कापड विकू लागल्या. आज दहा हजारांहून जास्त बाया त्या कामात आहेत. तिशीच्या आत असलेली घरटी अडीचशेच्या वर गेली. २०२२ मध्ये पूर्णिमाताईंना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा मोठा सन्मान मिळाला. सन्मान एकीला मिळाला, पण झाडं राखली ती गावातल्या बायांनी.

ही तीन उदाहरणं ऐकून कोणी लगेच उठून निघू नका. आता हिशेबाचं बोलते.

आपण पैशाचा हिशेब पैपैने ठेवतो. वेळेचा ठेवत नाही. एका गटात दहा बाया. प्रत्येकीने महिन्याला चार तास दिले तर चाळीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर पाच दिवसांची मजुरी. वर्षाला साठ दिवस. आपल्या प्रभागात किती गट आहेत त्याने गुणा. ही आपली ठेव आहे. ठेव ठेवायची तर पासबुक पाहिजे की नको?

म्हणून प्रभागसंघाने केंद्राशी बसून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

पहिली. ज्या कामाचे पाहुणा पैसे देतो, त्या कामाचे पैसे करणाऱ्या बाईला मिळाले पाहिजेत. सहलीचं जेवण, चहा-नाश्ता, होडी, मार्गदर्शन, रोपवाटिकेची विक्री, हे श्रमदान नाही. हा रोजगार आहे. खाडीची सफाई, पक्षीगणना, रोपं लावण्याचा दिवस, आपल्याच गावच्या मुलांना गोष्टी सांगणं, हे श्रमदान. ते आनंदाने करू. सफाई करताना "जरा भांडी पण घासून टाका" असं कोणी म्हटलं, तर तिथे थांबायचं.

दुसरी. प्रत्येक गटात वेळेची वही. तारीख, काम, किती तास, सही. पुढे पगारी जागा निघाली तर वही दाखवून म्हणता येईल की ही बाई तीन वर्षं काम करते आहे, आधी तिला विचारा.

तिसरी. दिलेल्या वेळेच्या बदल्यात शिकणं मिळालं पाहिजे. दुर्बीण कशी धरायची, पक्ष्याची नोंद मोबाईलवर कशी करायची, दहा माणसांसमोर उभं राहून कसं बोलायचं. शिकल्याशिवाय नुसता केर काढायला आपण जाणार नाही.

चौथी. सुरक्षा. चिखलात एकटीने उतरायचं नाही. भरतीची वेळ फळ्यावर लिहिलेली पाहिजे. कालवांच्या धारेने पाय कापतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे केंद्राने द्यायचे. मलमपट्टीची पेटी हाताशी हवी. गरोदर बाईने चिखलातलं काम घेऊ नये. तिला नोंदी ठेवायचं काम द्या.

पाचवी, आणि ही नीट ऐका. आपण सांगितलेली माहिती आपल्या नावाने लिहिली गेली पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. गावातली झाडं, बियाणं, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांचं ज्ञान त्यात लिहायचं असतं. २००४ च्या नियमांनी समितीत एक तृतीयांश बाया सांगितल्या. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावची समिती कोण कोण आहे? बाया किती? नोंदवही कुठे आहे? ती भरताना कोणाला विचारलं? आणि कोणी बाहेरचा येऊन औषधी मुळीची माहिती विचारू लागला, तर समितीकडे पाठवा. पडवीत बसून सगळं सांगून मोकळ्या होऊ नका.

काही जणी म्हणतील, घरून सोडत नाहीत. खरं आहे. सासूबाई म्हणतात, "रविवारी पण बाहेर?" त्यावर माझा अनुभव असा, की सासूबाईंनाच एकदा घेऊन जा. मुलांना रानभाज्या ओळखून दाखवायला त्यांनाच बोलवा. बोलावणं आलं, मान मिळाला, की दुसऱ्या वेळी त्या स्वतःच विचारतात, पुढचा रविवार कधी?

आणि ज्यांना खरंच जमत नाही, त्यांच्यावर गटाने सक्ती करू नये. बचतीला दंड असतो, श्रमदानाला दंड नको. जिचं मूल लहान आहे, जिचे गुडघे दुखतात, ती घरात बसून भाज्यांची नावं आणि कृती सांगू शकते, लिहिणारी मुलगी तिच्याकडे जाईल. तेही चार तास वहीत धरा.

आपल्या दशसूत्रीत शाश्वत उपजीविका आहे. शाश्वत म्हणजे उद्याही राहणारी. खाडी राहिली तर कालवं राहतील, बंधारा राहिला तर भात राहील. हे काम कोणासाठी करतो असा प्रश्न पडला, तर ओहोटीला आपल्या पाटीत काय आलं ते बघा.

तर माझी विनंती एवढीच. पुढच्या महिन्याच्या प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. दोन बाया निवडा, एक तरुण आणि एक जाणती. त्यांना आपण निसर्गसखी म्हणू. पावसाआधी या सगळ्या जणी आणि केंद्राची माणसं एकत्र बसतील, पाच गोष्टी कागदावर येतील, दोन्हीकडच्या सह्या होतील. सह्या झाल्या की जुलैत बियाणी गोळा करायला सगळ्यांनी चला. येताना जुन्या पिशव्या आणि कोयती घेऊन या. कोयती वाटेतली झाडी बाजूला करायला, तिवर तोडायला नव्हे!