सरासरीच्या ताटात कोण जेवतो?

जगात मांसाचा दरडोई पुरवठा वर्षाला सुमारे ४३ किलो आहे. अमेरिकेत तो १२० किलोंहून अधिक, भारतात अवघा पाच-सहा किलो. हे आकडे पुढे आले की एक उत्तर तयारच असते : हा देश मुळी शाकाहारी आहे. या उत्तराची शहानिशा केली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी ८३ पुरुष व ७० स्त्रिया कधी ना कधी सामिष आहार घेतात. म्हणजे वर्ज्य करणारे थोडे, क्वचित खाणारेच फार. आणि या ‘क्वचित’मागे धर्माइतकाच, किंबहुना अधिक, खिशाचा हात आहे.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न उलट्या टोकाने गाजला. २०१५ साली पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय महापालिकेने घेतला आणि त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. कोणी काय खाऊ नये यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. मीरा रोडच्या भाड्याच्या खोलीत कोणाला काय परवडत नाही, हे त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही.

दुधाचा आकडा तर अभिमानाने सांगितला जातो. २०२३-२४ मध्ये देशात दरडोई दररोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होते. जागतिक सरासरीहून हे पुष्कळ अधिक. तरीही वरील पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुले वाढ खुंटलेली आढळली. देशातले दूध कोणाच्या घरी पोहोचते, हे सरासरी सांगत नाही.

ही मर्यादा ओळखणाऱ्यांत साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे होते. जागतिक अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळताना, सरासरीभोवती माणसे कशी विखुरली आहेत ते पाहून त्यांनी १९६१ साली जगातील भुकेचे मोजमाप केले. पुढे मात्र, कमी अन्नाशीही शरीर काही प्रमाणात जुळवून घेते, असे त्यांनी मांडले. १९७१ मध्ये २२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा आखणाऱ्या वि. म. दांडेकरांना ते पटले नाही. सुखात्म्यांचा हेतू शास्त्रीयच होता. पण राज्यकर्त्यांना सोयीचा वाटावा असाच तो सिद्धांत होता.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला १६५ ग्रॅम, म्हणजे सहाशेहूनही कमी उष्मांक. त्या हक्कात डाळ नाही, तेल नाही. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे २०२३ मध्ये आले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागाची वाट दाखवली. अंड्यामागे धरले होते पाच रुपये. ज्या महापालिकेने आठ दिवस ताटाची काळजी वाहिली, तिने आपल्या शाळांतील मुलांसाठी आठवड्याला हे पाच रुपये द्यावेत, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे द्यावे, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी तिच्या दारात जाण्यास हरकत नसावी.