इनोव्हाचा सांगाडा बदलतो तेव्हा

लग्नाला किंवा कुलदैवताला जायचं ठरलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'इनोव्हा मिळेल का?' २००० साली टोयोटाची क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा, २०१६ मध्ये क्रिस्टा. रूप बदलत गेलं, पण तिघींचा पाया एकच होता. खाली ट्रकसारखी शिडीवजा चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणारा लांब दांडा. दणकट रचना! खड्डे, जादा माणसं, टपावरचं सामान, सगळं तिनं सोसलं.

सोसलं नाही ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी. गाडीचा तळ उंच. आमच्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले. तिला चढवायचं म्हणजे एकानं वरून हात द्यायचा, एकानं खालून आधार. शेवटच्या सीटवर कोण, यावरून मुलांची भांडणं. कारण घाटात गाडी लागायची ती तिथेच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या इनोव्हा हायक्रॉसनं हा पायाच बदलला. बाहेरून ती एसयूव्हीसारखी दिसते, उंच बॉनेट, रुंद जाळी. त्या दिसण्याचं मला फारसं अप्रूप नाही. महत्त्वाचं आहे ते आत. चेसिस आणि बॉडी आता एकसंध, इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. मागे जाणारा दांडाच नाही, त्यामुळे तळ खाली आला. दोन चाकांमधलं अंतर क्रिस्टापेक्षा १०० मिलिमीटरनं वाढून २,८५० झालं. ती जागा मुख्यतः मागच्यांच्या पायांना मिळाली, आणि तिथले हिसकेही कमी झाले.

हायब्रिड प्रकारात दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड आहे. बाहेरून चार्जिंग लागत नाही; ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. सिग्नलपाशी, रखडत्या वाहतुकीत इंजिन बरेचदा बंदच असतं. कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर. प्रत्यक्षात कमीच धरा, तरी एवढ्या मोठ्या गाडीला तो थोडाथोडका नव्हे.

आता दुसरी बाजू. हायक्रॉसमध्ये डिझेल नाही. गाडी भरलेली असताना ओल्या, उभ्या चढावर वजन मागे सरकतं आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. तिथे जुनी रचनाच सरस. किंमतही चढी. डिसेंबर २०२२ मध्ये साधी पेट्रोल गाडी १८ लाख ३० हजारांपासून होती, हायब्रिडसाठी २४ लाखांच्या पुढे मोजावे लागत. हा फरक पेट्रोलच्या बचतीतून भरून यायला वर्षाकाठी बरंच फिरणं हवं. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्यानं हिशेब कागदावर मांडून बघावा.

गाडी बघायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या. विक्रेता पुढचा पडदा आणि छताची काच दाखवत असेल; त्याला दाखवू द्या. तुम्ही तोवर शेवटच्या रांगेत जाऊन दहा मिनिटं बसा.