गजांआडची शुश्रूषा

(कार्यकर्त्या भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अंदमानात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बंदिवानांना साक्षर केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र शिकवणारा स्वतः बंदिवान होता, याचा विचार क्वचितच करतो. आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

उदाहरण दूरचे आहे, अमेरिकेतले. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स हा स्त्रियांचा तुरुंग. १९८० च्या दशकाअखेर तेथे नव्याने येणाऱ्या स्त्रियांत सुमारे पाचांतील एकीला एचआयव्हीची बाधा आढळली. भय इतके, की संशयित स्त्रीच्या हातचे कोणी खाईना. १९८८ मध्ये काही बंदिनींनी अधीक्षिकांच्या अनुमतीने ‘एस’ नावाचे मंडळ उभारले. रोग कशाने पसरतो, कशाने नाही, हे त्या आधी स्वतः शिकल्या. मग इतर बायकांना त्यांच्याच बोलीत सांगू लागल्या. रुग्ण भगिनींच्या उशाशी बसल्या. पत्रके वाटून जे भय गेले नसते, ते या शुश्रूषेने ओसरू लागले.

कॅटरिना हॅस्लिप त्यांच्यापैकीच एक. तुरुंगाच्या ग्रंथालयात कायदा शिकलेली, स्वतः बाधित. एड्सची सरकारी व्याख्या प्रामुख्याने पुरुषांच्या लक्षणांवर बेतलेली होती. त्यामुळे मरणासन्न स्त्रीही कागदोपत्री एड्सग्रस्त ठरत नसे आणि साहाय्याला मुके. सुटकेनंतर कॅटरिना याविरुद्ध झगडली. जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली, गर्भाशयमुखाचा कर्करोग तीत आला. कॅटरिना डिसेंबर १९९२ मध्येच गेली होती.

आपल्याकडे बंदिवानांत स्त्रिया शंभरात जेमतेम चार-पाच. त्यामुळे बहुतेक जणी पुरुषांच्या तुरुंगातील एखाद्या वेगळ्या बराकीत, आणि स्त्री-डॉक्टर दुर्मीळ. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भवती बंदिनी आणि आईसोबतची सहा वर्षांपर्यंतची मुले यांच्यासाठी सविस्तर निर्देश दिले. निर्देश उत्तमच, पण अंगावरून पांढरे जाते, हे पुरुष डॉक्टरला कोण सांगणार? ते शेजारच्या वळकटीवरच्या बाईलाच सांगितले जाते.

आपण तुरुंगात जातो ते राख्या आणि प्रवचने घेऊन. जरूर जावे. पण बराकीतल्या चार-पाच जणींना परिचारिकेकडून नीट शिक्षण मिळवून द्यावे आणि आपण मागे सरावे. अडचण एकच, पण मोठी : गुप्तता. एकीचा आजार बराकभर झाला की दुसरी तोंड उघडणार नाही. म्हणून निवड करताना गुन्हा पाहू नका, जीभ पाहा. खुनाच्या आरोपाखालची एखादी वृद्धा, जिच्यापाशी साऱ्या जणी रडून मोकळ्या होतात, ती मला पदवीधर तरुणीहून अधिक पसंत पडेल. आणि अधीक्षकांकडे अर्ज नेण्यापूर्वी, दर आठवड्याला येऊ शकेल अशी परिचारिका तेवढी नक्की करून ठेवा.