लोखंडाचे पाणी



पाणीदार मोती, पाणीदार घोडा, शत्रूचे पाणी जोखणे, असे आपण सहज बोलतो. लोहारही कोयत्याला पाणी देतो. पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून एकदम पाण्यात बुडवले की कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद तापवतात. २३० अंशांच्या सुमारास पिवळसर रंग आला की धारेच्या हत्याराला योग्य. ३०० च्या सुमारास निळा आला की स्प्रिंगला. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो.

पालकहो, नापास मुलाला आपण धाक दाखवतो, ते पहिले पाणी. नंतरची मंद ऊब मिळाली नाही, तर मूल मोडते, शाळा सोडते. ती ऊब आजच द्या.