न दिसणारी दगडी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयड्याच्या रानात गवळीवाडे विखुरलेले आहेत. दोन-चार म्हशी हाच तेथील कित्येक संसारांचा आधार. कास सुजून दगडासारखी झाली की आजार ओळखतो. त्याला आपण ‘दगडी’ म्हणतो. पण खरा घात करतो तो न दिसणारा कासदाह. दूध पांढरेशुभ्र, जनावर खाते-पिते, धार मात्र घटत जाते. मग दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळावयाच्या!

१९५७ साली शाल्म व नूरलँडर यांनी कॅलिफोर्नियात एक सोपी कसोटी काढली. चार सडांचे दूध तबकाच्या चार वाट्यांत निरनिराळे घ्यावयाचे, त्यात द्रावण घालून हलवावयाचे. दाह असल्यास दुधातील पेशी फुटून ते बुळबुळीत, दाट होते. पशुवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी आजही हे तबक घेऊन गोठे हिंडतात. त्यांचे प्रबंध इंग्रजीत, कपाटात राहतात, ही माझी तक्रार. वास्तविक त्यांतले ज्ञान अगदी घरगुती आहे. हात व सड धुऊन कोरडे करावेत, आजारी जनावराची धार शेवटी काढावी, आणि धार संपताच वैरण टाकावी. सडाचे तोंड मिटावयास सुमारे अर्धा तास लागतो. तोवर म्हैस उभी राहावी, शेणात बसू नये, एवढ्यासाठी ही वैरण.